बारा पिशव्या आणि एक हात

१

सकाळी अकराला पाच कमी असताना वेदश्रीचं यंत्र सपशेल खोटं ठरलं. ते खोटं ठरत असताना मी मागच्या बाकावर डुलक्या घेत होतो, हे आधीच कबूल केलेलं बरं. नंतर माझी जी थोडीफार वाहवा झाली, तिच्यात ही गोष्ट कोणी सांगत नाही.

जागाच तशी आहे. हिंगणघाटला वेणा नदीच्या अंगाला एक बंद पडलेलं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, आहे. त्याच्या लांबलचक टिनाच्या शेडमध्ये तीन वर्षांपूर्वी नवउद्योग आणि संशोधन केंद्र सुरू झालं. जिनिंगची जुनी धुडं केव्हाच भंगारात गेली, पण तुळयांवर बसलेली रुई काही गेली नाही. पौषाच्या सकाळी नदीवरचं धुकं आत शिरतं, वरून एखादा तंतू सावकाश खाली येतो, उन्हाची तिरीप त्याला मध्येच धरून ठेवते, आणि आपण जागे आहोत की नाही याचाच भरवसा राहत नाही. माझ्यासारख्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाला तर मुळीच नाही.

मी प्रभाकरराव. चौतीस वर्षं जिल्ह्याच्या सांख्यिकी कार्यालयात मोजण्याचं काम केलं. विहिरी, बैल, शिलाई मशिनी, सांगाल ते मोजलं. निवृत्तीनंतर मला एक शेवटचं काम मिळालं होतं. या केंद्राला विभागाकडून तीन वर्षं जो आधार मिळाला, त्यातून जिल्ह्याच्या पदरात काय पडलं, याचा अहवाल लिहायचा. आधार पुढे चालू ठेवायचा की केंद्राला कुलूप लावायचं, ते ठरवायला नागपूरहून तीन जणांची समिती आली होती. अध्यक्ष मोहिनीताई, बोलायला मऊ आणि कामाला कडक.

केंद्रात एकेकाळी सात कल्पना नांदत होत्या. सहा हळूहळू मोठ्या शहरांकडे निघून गेल्या. उरली ती वेदश्रीची सळई. वेदश्री आष्टीकडची, कापूस पिकवणाऱ्या घरातली इंजिनिअर मुलगी. तिनं यंत्राला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण लोक सळईच म्हणत. हातभर पोलादी सळई, मुठीपाशी आकडे दाखवणारी छोटी पाटी. कापसाच्या गाडीत खुपसली की शंभरात पाणी किती ते सांगते. ओल जास्त असली की जिनिंगवाले शेतकऱ्याचं वजन कापतात, आणि किती ओल ते आजवर ठरवत आला माणसाचा हात.

त्यातला सगळ्यात मोठा हात म्हणजे हिरालाल. गावातल्या एका जिनिंगच्या फाटकावर चाळीस वर्षं उभा. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ दाबायची, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचा. त्यावर ना मालक वाद घालत, ना शेतकरी.

चाचणी सोपी होती. आठ दिवसांपूर्वी हिरालालच्या फाटकावर बारा गाड्यांमधून कापूस घेऊन बारा पिशव्या बांधल्या होत्या, आत प्लास्टिक, वरून मांजरपाट. प्रत्येकीत बरोबर दोन किलो, प्रत्येकीला गाडीवाल्याच्या नावाची चिठ्ठी. बांधताना सळईनं मोजून आकडे मोठ्यानं वाचले होते, पण ते समितीला ग्राह्य नव्हते. प्रत्येक गाडीतली मूठभर वानगी नागपूरच्या प्रयोगशाळेत गेली होती, आणि तिथले आकडे बंद पाकिटात मोहिनीताईंच्या पर्समध्ये होते. आज आधी हिरालालचा हात, मग सळई, मग पाकीट. बाकी कोणी कापसाला बोट लावायचं नाही, असा वेदश्रीनंच केलेला नियम होता.

"कोट काढता का जरा? बाही वर घ्या," मोहिनीताई हिरालालला म्हणाल्या.

हिरालाल बारा महिने एक जुना लोकरी कोट घालतो. तो क्षणभर थांबला, मग त्यानं कोट उतरवून खुर्चीवर ठेवला. एकेका पिशवीत हात घातला, डोळे मिटले. "आठ." "चौदा." "एकवीस." असे बारा आकडे. मग वेदश्रीचा भागीदार देवेंद्र यानं सळई लावली. "सात." "सात." "आठ." "सात." तो वाचत गेला आणि त्याचा आवाज खाली खाली जात राहिला.

पाकीट उघडलं. हिरालालचे बारापैकी बारा आकडे बरोबर. सळईला चौदा आणि एकवीसमधला फरकसुद्धा कळला नव्हता. त्या शांततेनं मला पुरती जाग आली.

"आम्ही जेवून, जरा गिरडला दर्शन करून येतो," मोहिनीताई म्हणाल्या. "चारला निर्णय सांगू. प्रभाकरराव, तुमच्या तक्त्यात सळई 'वापरणारे' या रकान्यात काय लिहिलंय?"

"शून्य," मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं.

त्या गेल्यावर वेदश्री माझ्यापाशी आली. रडली नव्हती, पण चेहरा पांढरा पडला होता. "काका, केंद्र बंद झालं तर सळईही गेली आणि मीही गेले. पण सळई खोटं बोलत नाही. त्या पिशव्यांना कोणीतरी हात लावलाय."

२

माझी मुलगी रक्षा बंगळुरूला असते. तिला इथं राहायचं होतं. इथं तिच्या कामाचं काही नव्हतं म्हणून ती गेली, आणि आता दर रविवारी फोनवर मला गोळ्या घेतल्या का विचारते. त्यामुळे वेदश्रीची बाजू घ्यायला मला निमित्त लागत नव्हतं. पण बाजू घेणं वेगळं आणि शोधून काढणं वेगळं. मला एकच विद्या येते. मोजायचं, आणि कुठं जुळत नाही ते पाहायचं.

"पिशव्या कुठं होत्या?" मी विचारलं.

"मागच्या लोखंडी कपाटात. कुलूप लावून."

"किल्ली?"

"कॅलेंडरच्या मागं खिळ्याला. कोणाला माहीत नाही." ती थांबली. "म्हणजे मला, देवेंद्रला, छायाताईला... हिरालालकाकाही परवा विचारत होते."

म्हणजे गावाला माहीत होतं. शनिवार, रविवार केंद्र बंद होतं. फाटकाची किल्ली देवेंद्र आणि केंद्रात स्वयंपाक करणारी छायाबाई यांच्याकडे.

देवेंद्र नदीकडच्या पायरीवर बसला होता. धुकं आता पाण्यापुरतं उरलं होतं, त्यातून पलीकडे कोणाच्या तरी म्हशी उतरत होत्या आणि अर्ध्यातच दिसेनाशा होत होत्या. असल्या जागी उलटतपासणी करणं जिवावर येतं.

"खरं सांगू का, मला पुण्याहून बोलावणं आहे," तो आपणहून म्हणाला. "इथला करार संपेपर्यंत जाता येत नाही. केंद्र बंद झालं की मी मोकळा. तुम्ही हेच विचारायला आलात ना?"

"हो," मी म्हणालो. "वेदश्रीला माहीत आहे?"

"नाही. पण मी हे केलं नाही, काका. मला जायचंय, तिला पाडायचं नाहीये." त्यानं एक खडा पाण्यात टाकला. "या गावाला सळई नकोच आहे. हिरालालच्या जिनिंगला दोन हंगामांपूर्वी एक वापरून पाहायला दिली. मालक म्हणतात, कोणी हात लावत नाही, कपाटात पडून आहे. तुम्हीच शून्य लिहिलंत ना? फक्त सेल तेवढे दर पंधरवड्याला मागवतात."

"कोण नेतं?"

"छायाकडे निरोप येतो, ती पाठवते. मला काय माहीत?"

कपाटात पडून असलेल्या वस्तूचे सेल संपतात कसे, हे मी त्याच क्षणी विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात तो म्हणाला, "सळई चालली तर सगळ्यात जास्त कोणाचं जातं ते बघा. चाळीस वर्षांचा मान आहे त्याचा," आणि मी उठून हिरालालला शोधायला निघालो.

३

हिरालाल फाटकाबाहेरच्या टपरीवर होता. ऊन चांगलं चढलं होतं, तरी कोट पुन्हा अंगात. मला पाहून त्यानं बाकावर जागा केली आणि दोन चहा सांगितले. चहा उकळता, स्टीलच्या पेल्यात. मी पेला उचलला आणि चटका बसून लगेच खाली ठेवला, मग रुमाल गुंडाळून धरला. हिरालाल आपला पेला उजव्या मुठीत धरून बसला होता. विचारात इतका गढलेला की प्यायचंही भान नव्हतं.

"हिरालालभाऊ, आज तुमचा हात जिंकला," मी म्हणालो.

"कायचा जिंकला, साहेब." तो पेल्यात पाहत बोलला. "पोरीचं तोंड पाह्यलं का तुमी? मले वाटलं होतं, मी बी आकडा सांगीन, सळई बी तोच सांगीन, आन् सायबीन म्हणन, वा. तिचं काम होऊन जाईन. हे काय होऊन बसलं?"

"म्हणजे सळई बरोबर सांगते, असं तुम्हाला वाटत होतं?"

"बरोबरच सांगते ते." तो फार पटकन बोलला. मग सावरला. "म्हंजे आसं आयकलं."

"सळई आली तर तुमचं काय, असं लोक विचारून राहिलेत."

तो कडवट हसला. "लोकायले काय जाते बोलाले? माहं तं सळई आली नसती तं..."

त्याच्या बोटाच्या टोकाला काहीतरी तपकिरी दिसलं. वाळलेल्या बोंडाचं अणकुचीदार टरफल नखाच्या बाजूनं आत रुतलं होतं, रक्त साकळून काळं झालं होतं. "अहो, बोटात काय घुसलंय!" मी म्हणालो. त्यानं हात उलटा करून पाहिला, जणू बोट दुसऱ्याचं होतं, आणि टरफल उपटून फेकलं. डोळासुद्धा बारीक केला नाही.

मला कसलीतरी टोचणी लागली. ती त्याच्या बोटाची नव्हती, आकड्यांची होती. चौतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. अंदाजानं मोजणारा माणूस कितीही हुशार असो, कधी एकानं चुकतो, कधी दोनानं. तो चुकत नाही तेव्हा तो मोजत नसतो.

"हिरालालभाऊ," मी हळूच विचारलं, "बारापैकी बारा कसे हो आले?"

त्यानं पेला ठेवला. चहा तसाच भरलेला होता. "मले जिनिंगले जाचं आहे, साहेब," तो म्हणाला, आणि कोटाची बाही खाली ओढत, मागं न पाहता चालू लागला.

४

जेवायची वेळ झाली होती. रिकाम्या पोटी मला कोणावर संशयसुद्धा घेता येत नाही.

छायाबाई केंद्राची झाडलोट करायला म्हणून आली होती. पोरं उपाशी राहतात हे पाहून तिनं शेडच्या मागच्या खोलीत चूल मांडली, आणि आता तिच्या हाताखाली गावातल्या पाच बायका राबतात. केंद्रातली पोरं गेली तशी आजूबाजूच्या दुकानांची, बँकेची, शाळेतल्या मास्तरांची माणसं डबे न्यायला लागली. तिचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. तक्ता नागपुरात छापलेला होता.

"पोटभर जेवजा, साहेब," ती म्हणाली. ताटात ज्वारीची भाकरी आणि मुगवड्यांचा रस्सा होता. "वेदू नाई आली जेवाले. सकाळपासून पोटात काई नाई तिच्या. इतकं चांगलं सजवून ठेवलं होतं पोरीनं, आन् काऊन आसं झालं वो?"

"तेच शोधतोय," मी घास घेत म्हणालो. दुसऱ्या घासाला दातात काहीतरी अडकलं. काढून पाहिलं तर पांढरा तंतू. रुई. वडीच्या आतच चिकटून वाळलेली. "छायाबाई, वडीत कापूस!"

"आगंबाई!" तिनं जीभ चावली. "उडत आला आसन वाळवताना."

या शेडमध्ये रुई कुठेही उडत येते, म्हणून मी तो विषय सोडला आणि आणखी रस्सा मागून घेतला. मग बाकावर जरा आडवा झालो. 'जरा' हे मी दर वेळी म्हणतो.

स्वप्नात मी टिनावर होतो. आईचं जुनं लुगडं अंथरलेलं, त्याच्यावर ऊन. आई गव्हाला ऊन दाखवत होती, मग डाळीला, मग गाद्यांना, मग लोणच्याच्या बरणीला. जे जे आपलं, आणि जे जे खराब व्हायची भीती, ते सगळं ती उन्हात आणून ठेवत होती. शेवटी तिनं माझा हात धरून मलाही त्या लुगड्यावर बसवलं. "कुबट वास येते तुह्या अंगाले, बस जरा," असं म्हणाली. आजूबाजूला पांढरं, मऊ काहीतरी फुलत होतं. ऊन इतकं गोड होतं की उठावंसं वाटेना.

जाग आली तेव्हा घड्याळात साडेतीन झाले होते. टिनाच्या पत्र्यावर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. छायाबाई शिडीवरून वाळलेल्या वड्यांनी भरलेलं सूप घेऊन उतरत होती, तिच्या पदराला रुई लागली होती.

मी ताडकन उठून बसलो. "छायाबाई," मी म्हणालो, "डाळ-तांदूळ मोजायचा तुझा तो इलेक्ट्रॉनिक काटा दे. आणि चारला माझ्यासोबत चल. घाबरू नकोस."

"मी कायले घाबरू?" ती म्हणाली. "मी काय केलं?"

५

चारला सगळे जमले. तिरपं ऊन शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचलं होतं. हिरालालही आला होता, दाराशी उभा, कोटाच्या खिशात हात घालून. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

"ताई, निर्णय सांगण्याआधी मला बारा पिशव्या तोलू द्या," मी म्हणालो.

मोहिनीताईंनी मान डोलावली. मी पहिली पिशवी काट्यावर ठेवली, प्रयोगशाळेनं आठ सांगितलेली. दोन किलोला जेमतेम वीस ग्रॅम कमी. मग चौदावाली ठेवली, ती दीडशे ग्रॅमनं कमी. एकवीसवाली तीनशेनं कमी. मी एकेक वजन मोठ्यानं वाचत गेलो. पाचव्या पिशवीला वेदश्री पुढं आली, सातव्या पिशवीला तिनं तोंडावर हात ठेवला.

"कापूस चोरलाय?" समितीतल्या एकानं विचारलं.

"चोरणारा वजन भरून ठेवतो," मी म्हणालो. "आणि बदलला असता तर सगळ्या पिशव्या दोन-दोन किलोच्या भरल्या असत्या. इथं जी जितकी ओली, ती तितकीच हलकी झाली आहे. कापूस तोच आहे. गेलंय ते फक्त पाणी. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत बाराही पिशव्या सुकल्या आणि सारख्या झाल्या. सकाळी सळईनं सात, सात, आठ, सात सांगितलं, कारण कापसात तेवढंच पाणी उरलं होतं. ती खरं बोलली. नेमका त्या खऱ्याचाच आपल्याला राग आला."

"कोणी सुकवला?" देवेंद्र म्हणाला.

मी छायाबाईकडे वळलो. "बाई, तू शनिवारी टिनावर वड्या घातल्यास. सोबत आणखी काय घातलं होतं?"

"कापूस," ती सरळ म्हणाली. "वेदूचा. कपाट उघडलं तं कुबट वास येऊन राह्यला होता. आठ दिवस कोंडलेला, पिवळा पडला असता. नागपूरचे पाव्हणे येतीन, पाहतीन, काय म्हणतीन पोरीले? म्हणून दोन दिस ऊन दाखवलं. बारा जाग्यावर येगयेगळा पसरवला, चिठ्ठ्या दगडाखाली ठेवल्या. येकात येक नाई होऊ देला. तिच्या कामाचा हाय म्हणून माहीत होतं ना मले." ती सगळ्यांकडे पाहू लागली. "मंग? चुकलं का माहं?"

खराब होईल असं वाटलं की उन्हात नेऊन ठेवायचं, हे आमच्याकडच्या बाईला शिकवावं लागत नाही. ओल हाच ज्या मालाचा जीव, असा माल तिनं जन्मात पाहिला नव्हता. आणि यंत्र नेमकं काय मोजतं, हे तीन वर्षांत तिला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

वेदश्री तिच्या गळ्यात पडली. हसत होती की रडत होती ते कळेना.

"छान," मोहिनीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता, पण नजर काट्यावरून हलली नव्हती. "पण प्रभाकरराव, तुमचं एक जुळत नाही. कापूस सकाळीच सुकलेला होता. मग हिरालालजींच्या हाताला एकवीस कसे लागले? यंत्र खरं असेल तर हात खोटा. हात खरा असेल तर यंत्र. दोन्ही खरे नाहीत. यातलं काय ते मला आज लिहावं लागेल."

मला उत्तर माहीत होतं. उकळता पेला, बोटातलं टरफल, उन्हातला कोट, दर पंधरवड्याला संपणारे सेल, बारापैकी बारा. पण ते उत्तर बोललं की एका माणसाची चाळीस वर्षं त्याच जागी संपत होती, आणि नाही बोललं की एका मुलीचं सगळं संपत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा आकडा ठाऊक असून गप्प बसलो.

दाराशी हालचाल झाली. हिरालाल पुढं आला. त्यानं कोट काढला, आणि उजव्या बाहीच्या आतून दोरीनं बांधलेली सळई ओढून टेबलावर ठेवली. पाटीवरचे आकडे घासून पुसट झाले होते.

"हात मेला माहा," तो म्हणाला. "शुगरनं. तीन वर्षं झाली. गरम कळत नाई, थंड कळत नाई, ओलं कळत नाई. जिनिंगले देलेली सळई मीच काढून घेतली कपाटातून. गाडीत हात घालतो, बाहीतली सळई बी जाते. डोळे मिटल्यावानी करतो तवा मी बाहीतली पाटी पाहून राह्यतो. दोन हंगाम झाले, जो आकडा माह्या तोंडातून गेला तो ह्या पोरीचा होता." तो वेदश्रीकडे वळला. "सकाळी कोट काढाले लावला. मंग काय करू? पिशव्या बांधताना तुवा आकडे वाचले होते, ते पाठ होते. म्हटलं, तेच सांगतो, तुह्या सळईशी जुळन. नाई जुळलं, आन् माह्या तोंडातून शब्द निंघाला नाई. माफ कर वं, बाई."

वेदश्रीनं त्याचा तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याला ते कळत नव्हतं, म्हणून तो तिच्या हातांकडे नुसता पाहत राहिला. मला माझ्या चष्म्याच्या काचा पुसाव्या लागल्या.

"या दोन हंगामांत एकाही गाडीवाल्यानं तक्रार केली?" मोहिनीताईंनी विचारलं.

"नाई," हिरालाल म्हणाला. "म्हणत, म्हातारपणी हात आखीन साफ झाला हिरालालचा."

मोहिनीताईंनी माझ्यापुढे तक्ता सरकवला. "शून्य खोडा," त्या म्हणाल्या. "आणि छायाबाईंसाठी एक रकाना हातानं आखा. छापलेला नसला तरी चालेल. केंद्राचा आधार चालू राहील, असं मी लिहितेय."

त्या संध्याकाळी देवेंद्रनं वेदश्रीला पुण्याचं सांगितलं. ती म्हणाली, जा, पण करार संपल्यावर. तो म्हणाला, बरं.

६

खोडलं तर खरं, पण शून्याच्या जागी काय लिहावं ते मला समजेना. एक माणूस लिहू? की त्या फाटकातून गेलेल्या सगळ्या गाड्या? म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिनिंगच्या फाटकावर जाऊन उभा राहिलो.

धुक्यात गाड्या आणि टेम्पो ओळीनं उभे होते, प्रत्येकावर पांढरा ढीग. हिरालाल शर्टाच्या बाह्या वर करून उभा होता. कोट नव्हता, थंडीनं तो कुडकुडत होता. सळई उघडी, त्याच्या डाव्या हातात. गोष्ट गावभर झाली होती. मालकांनी त्याला काढलं नव्हतं. काढलं असतं तर आकडा कोणी सांगायचा, हा प्रश्न होता.

पहिली गाडी कैलास नावाच्या शेतकऱ्याची होती. हिरालालनं त्याच्यादेखत सळई खुपसली, पाटी त्याच्याकडे फिरवली. "पाह्य बापा. बारा."

कैलासनं पाटीकडे पाहिलंही नाही. "ते राहू द्या बाजूले," तो म्हणाला. "तुमी हात लावा."

"आरे, हात मेला माहा. आयकलं नाई का?"

"आयकलं." कैलास गाडीवरून खाली उतरला. "तरी लावा. तुमचा हात लागला नाई तं मले चैन नाई पडत."

हिरालालनं सळई कैलासच्या हातात दिली, उजवा हात कोपरापर्यंत कापसात घातला, मूठ दाबली आणि डोळे मिटले. या वेळी खरोखर मिटले.

"काय वाचलं तुवा?" त्यानं विचारलं.

"बारा," कैलास म्हणाला.

"बाराच," हिरालाल म्हणाला, आणि पुढची गाडी पुढं आली.